व्हॅक्यूम लाइन कापण्याआधी: वॉटर रिंग पंपाच्या वॉल्व्ह-पाइपांची आखणी

तेलाचा ड्रायर असो की संत्र्याचा रस आटवायचं भांडं, व्हॅक्यूम कमी पडला की पहिला आळ वॉटर रिंग पंपावर, म्हणजे आत फिरणाऱ्या पाण्याच्या कड्याने हवा ओढणाऱ्या पंपावर, येतो. म्हणून वेल्डरला बोलावण्याआधी पंप वेगळा करून तपासा. पंपाच्या तोंडाजवळचा वॉल्व्ह बंद करायचा आणि वॉल्व्ह व पंप यांच्यामध्ये गेज लावून मिनिटभर चालवायचं, त्याहून जास्त नाही. इथे गेज नीट चढला तर पंप ठीक आहे, दोष लाइनीत आहे.

गेज वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, त्यामुळे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० नाही, ७३० मिमीच्या आसपास असतो; गेज त्यातला किती ओढला ते दाखवतो. कॅटलॉगमधले ७६० चे आकडे धरून फिटरशी भांडू नये.

दुसरी मर्यादा पाण्याची. रिंगचं पाणी ३० अंशांवर असेल तर त्याचा स्वतःचा बाष्पदाब (वाफेचा दाब) ३२ मिमी, ४० अंशांवर ५५, ४५ अंशांवर ७२. म्हणजे ४५ अंशांच्या पाण्यावर गेज ७३० वजा ७२, म्हणजे ६५८ च्या वर जाणारच नाही, पाइप कितीही बदला. उघड्या हौदातलं तेच पाणी फिरवत असाल तर आधी कूलिंग टॉवरचा विचार करा. घरचा कूलर मे महिन्यात गार करतो आणि जुलैत चिकचिक करतो, टॉवरचंही तसंच आहे. म्हणून हिशोब पावसाळ्यातल्या दमट दिवसाचा धरा.

आता गळती. भांडं रिकामं, कोरडं आणि थंड हवं, नाहीतर आतल्या ओलाव्याची वाफही गळतीत मोजली जाते. ६५० पर्यंत व्हॅक्यूम ओढा, वॉल्व्ह बंद करा, १० मिनिटं थांबा. भांडं आणि पाइप मिळून २ घनमीटर असतील आणि गेज ६२० वर आला, तर ताशी साधारण अर्धा घनमीटर हवा आत येते. ७३० मधून ६५० गेले की उरलेल्या ८० मिमी दाबाला तीच फुगून साडेचार घनमीटर होते. ताशी ३०० घनमीटरच्या पंपाला हे जड नाही. गेज मिनिटभरातच ३० मिमी पडला तर मात्र आधी ग्लँड (दांड्याभोवतीचं सील), गॅस्केट आणि साइट ग्लास (आत बघायची काच) इथे गळती शोधा.

हे झाल्यावर कागदावर लाइन काढा: प्रत्येक बेंड, प्रत्येक वॉल्व्ह, अंतरं फुटात. पाइपाचा व्यास पंपाच्या तोंडापेक्षा कमी कुठेच नको. ताशी ३०० घनमीटर हवा ३ इंची पाइपातून सेकंदाला १७ मीटरने जाते, २ इंचीतून ३८ मीटरने. तिथेच व्हॅक्यूम खाल्ला जातो. लाइनीत पाणी साठेल असा खोलगट भाग ठेवू नका. कॅच पॉटकडे (पंपाआधी पाणी अडवणाऱ्या भांड्याकडे) उतार द्या आणि पॉटला ड्रेन ठेवा. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी पाइप इथे जोडण्याचा मोह होतो. गरम वाफेने तो मऊ पडतो आणि आत चेपतो.

दोन पंप एका हेडरवर (सामायिक मुख्य पाइपावर) असतील तर प्रत्येकाला हेडरकडून असा क्रम द्या: बटरफ्लाय वॉल्व्ह, मग नॉन-रिटर्न वॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा), मग गेज लावायचा तुकडा म्हणजे निपल, मग पंप. या क्रमामुळे एक पंप चालू असताना दुसऱ्याचा नॉन-रिटर्न काढता येतो. ग्लोब वॉल्व्ह मुख्य लाइनीत नकोच. वॉल्व्हच्या सीलचं ईपीडीएम जातीचं रबर तेलाच्या वाफेला फुगतं, नायट्राइल किंवा पीटीएफई मागा. पंपाच्या तोंडाशी हवा सोडणारा छोटा रिलीफ वॉल्व्हही हवा. लाइन जवळजवळ बंद असताना पंपात गिट्टी फिरल्यासारखा आवाज येतो, ते कॅव्हिटेशन. त्याने इंपेलर (आतला फिरता पंखा) खड्डे पडून जातो.

पाण्याच्या लाइनीवर गाळणी, बॉल वॉल्व्ह आणि मोटरशी जोडलेला सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा वॉल्व्ह), इतकं पुरे. बोअरचं जड पाणी असेल तर गाळणीने क्षार अडत नाहीत, सॉफ्टनर लावा. पंप बंद असताना पाणी चालू राहिलं तर केसिंग गच्च भरतं आणि सुरू करताना मोटर ट्रिप होते. पाण्याची पातळी शाफ्टच्या मध्यापर्यंतच हवी.

भांड्यावरचा व्हॅक्यूम ब्रेकर (हवा आत सोडून व्हॅक्यूम मोडणारा वॉल्व्ह) विसरू नका, पण तेल गरम असताना त्यातून हवा सोडू नका, रंग चढतो. हेक्झेन (पेट घेणारं सॉल्व्हंट) असलेल्या प्लांटमध्ये मात्र यातलं काहीही कापा-जोडायचं नाही. तिथे लाइन वायूमुक्त झाल्याची तपासणी आणि लेखी परवाना आधी.

जोडणी झाल्यावर भांडं, पंप आणि गेज वेगळे करून फक्त लाइनीत अर्धा किलो हवेचा दाब द्या, साबणाचं पाणी लावा. साधा व्हॅक्यूम गेज दाबाने खराब होतो, म्हणून तो काढायचाच.

शेवटी, भांड्यात माल नसताना व्हॅक्यूम ६०० वर असेल तेव्हा मुद्दाम मेन स्विच पाडा. वीज तर इथे कधीही जाते. नॉन-रिटर्न धरत नसेल तर पंपातलं पाणी उलटं लाइनीत ओढलं जाईल. पाच मिनिटांनी कॅच पॉटचा ड्रेन उघडा: पाणी निघालं, तर नॉन-रिटर्नच्या फ्लॅपची (आतल्या झडपेची) सीट आणि वॉल्व्ह बसवायची दिशा बघा.