जुनी कार घेताय? इसार देण्याआधी या चुका टाळा

"पाहुण्यातली गाडी आहे, डोळे झाकून घ्या" असं कुणी म्हटलं की आपण तिथेच इसार देऊन मोकळे होतो. सगळ्यात महागात पडते ती ही चूक. एकदा पैसे अडकले की दोष दिसला तरी 'चालायचंच' म्हणून आपण सोडून देतो. आधी गाडी बघा, मग कागद, पैसे शेवटी.

गाडी बघायला सकाळी जा. आम्ही येईपर्यंत चालू करू नका, असं मालकाला आदल्या दिवशीच सांगा आणि गेल्यावर आधी बोनेटला हात लावा. इंजिन गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. स्टार्टिंगचा त्रास, सुरुवातीची टकटक गरम इंजिनात लपते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) तपासून घ्या, ते काम खर्चाचं आहे.

एसी मात्र दुपारीच तपासा. आपल्या सोलापूरचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. सात रस्ता चौकातल्या गर्दीत गाडी उभी असताना हवा कोमट झाली किंवा टेम्परेचरचा काटा चढायला लागला, तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढचं बोलू नका.

आता पुराच्या पाण्यातली गाडी. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे सीना नदीला मोठा पूर आला होता, म्हणून हे सविस्तर सांगतो. बुडालेली गाडी धुऊन-पुसून, सेंट मारून उभी केली की वरून कळत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा; एरवी आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. पुढची सीट सरकवून खालचे रूळ गंजलेत का बघा. डिकीतली स्टेपनी उचला, तिच्या खड्ड्यात गाळ सापडतो. अशा गाडीची वायरिंग काही महिन्यांनी दगा देते. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. चाळीस हजार किलोमीटर सांगतात आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं! सर्व्हिसच्या नोंदी मागा. टायरवरचे चार आकडेही वाचा: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा.

कागदांत लोक फसतात ते बोजात, म्हणजे आरसीवर असलेल्या कर्जाच्या नोंदीत. कर्ज फिटलं तरी आरसीवरून बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विजयपूर-कलबुर्गीकडची केए-२८, केए-३२ गाडी स्वस्त वाटते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी काढावी लागते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ती इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. इथला करही भरावा लागतो. हा खर्च धरूनच भाव करा.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत) तुम्हाला मिळत नाही. थकलेली ई-चलनं व्यवहाराआधी ऑनलाइन बघून मालकाकडूनच भरून घ्या. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सह्यांची पावती करा, म्हणजे त्याआधीचं एखादं चलन नंतर निघालं तर ते कुणी भरायचं यावर वाद होणार नाही.