आर्चटॉप गिटार: वाजवून बघायला चांगलं दुकान कसं शोधायचं आणि तिथे काय तपासायचं

एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन आर्चटॉप गिटार शेजारी ठेवा आणि दोन्हींवर तोच कॉर्ड वाजवा. एक मोकळी बोलते, दुसरीचा आवाज आतच कोंडतो, असं सर्रास होतं. साध्या अकूस्टिक गिटारचा टॉप, म्हणजे पुढची फळी, सपाट असतो आणि ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, त्याला चिकटवलेला असतो. आर्चटॉपचा टॉप व्हायोलिनसारखा कमानदार. चांगल्या गिटारचा तर स्प्रूसच्या जाड फळीतून कोरून काढलेला. ब्रिज चिकटवलेला नसतोच, तारांच्या दाबावर नुसता उभा असतो आणि तारा मागे टेलपीस नावाच्या पट्टीला अडकवलेल्या असतात. कोरताना जाडी जराशी इकडेतिकडे झाली, ब्रिजचे पाय टॉपवर नीट टेकले नाहीत किंवा तारा हलक्या घातल्या, की आवाज बदलतो. म्हणून ही गिटार फोटो आणि व्हिडिओ पाहून मागवू नका. जी हातात घेऊन वाजवली, तीच घ्या.

पायरी १: कोणती आर्चटॉप हवी ते घरीच ठरवा

गिब्सनने १९२२ साली एफ-होल, म्हणजे इंग्रजी f च्या आकाराची भोकं, असलेली एल-५ काढली तेव्हा अ‍ॅम्प नव्हते. वाद्यवृंदात गिटार ऐकू यावी म्हणून ती कोरीव केली होती. १९४९ मध्ये त्याच कंपनीची ईएस-१७५ आली. तिचा टॉप प्लायवूडसारख्या थरांचा, म्हणजे लॅमिनेट, आणि तारांचं कंपन टिपणारा पिकअप टॉपमध्येच बसवलेला. अ‍ॅम्पला जोडल्यावर ती कमी हुंकारते, म्हणजे स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून कमी घुमतो, आणि स्वस्तही पडते. आजही बाजार याच दोन घराण्यांत विभागलेला आहे. घरी बसून, अ‍ॅम्पशिवाय वाजवायचं असेल तर कोरीव बघा. बँडमध्ये ड्रमरशेजारी बसायचं असेल तर लॅमिनेट. आयबानेझची आर्टकोअर मालिका आणि एपिफोन लॅमिनेटमध्ये परवडणाऱ्या आहेत. कोरीव हवी पण गिब्सनचा खर्च झेपत नाही, अशांनी बीजिंगच्या ईस्टमनची गिटार जरूर वाजवून बघावी. ही कंपनी १९९२ मध्ये व्हायोलिन बनवत सुरू झाली आणि कोरण्याचं काम तिथे हाताने होतं. तिच्याही काही मॉडेलांचा टॉप लॅमिनेट असतो, तेवढं मात्र विचारून घ्या.

दुकानदार काहीही सांगो, एफ-होलची कड स्वतः पाहा. कडेवर एकावर एक थर दिसले तर लॅमिनेट. वरच्या लाकडाच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर टॉप अखंड लाकडाचा. कडेला बाइंडिंगची पट्टी लावलेली असेल तर आतल्या बाजूने बघावं लागतं.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो. हिंदुस्थानी संगीतात स्लाइड गिटार रुजली ती आर्चटॉपच्याच अंगावर. ब्रिजभूषण काब्रा गिब्सन सुपर ४०० मध्ये बदल करून वाजवत. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही आर्चटॉपवरच बेतलेली आहे. त्यामुळे ‘एफ-होलवाली गिटार आहे का’ असं विचारलं तर दुकानदार हवाईयन गिटार पुढे करू शकतो. तिच्या तारा फिंगरबोर्डपासून खूप उंच असतात, बोटांनी फ्रेट दाबताच येत नाहीत. तुम्हाला तीच शिकायची असेल तर उत्तम. जॅझ वाजवायचं असेल तर ‘जॅझ गिटार, फ्रेटवर वाजवायची’ असं स्पष्ट सांगा.

पायरी २: दुकानांची यादी करा

मुंबईत फुर्टाडोजची परंपरा १८६५ पासूनची आहे आणि गोव्यातही त्यांची दुकानं आहेत. वांद्र्याचं भार्गवाज गिटारवाल्यांच्या ओळखीचं. पण भारतातल्या मोठ्या दुकानातही आर्चटॉप एखाददुसरीच टांगलेली असते, तीही बहुधा लॅमिनेट. भिंतभर आर्चटॉपांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. त्यापेक्षा शहरात जॅझ वाजवणारे कोण आहेत ते शोधा, कार्यक्रम संपल्यावर भेटा आणि गिटार कुठून घेतली, दुरुस्ती कोण करतो, हे विचारा. वाजवणारी माणसं या बाबतीत मोकळेपणाने बोलतात. कोणी दहा मिनिटं आपली गिटार हातात दिली, तर सतरा इंची अंग तुमच्या मांडीवर बसतं का, हे तिथेच कळेल.

हे वाद्य मुळात अमेरिकेचं, त्यामुळे खरी निवड तिथेच. भाऊ, मुलगी, मित्र तिकडे असेल किंवा तुम्ही स्वतः राहत असाल तर एक दिवस यासाठी राखून ठेवा. नॅशव्हिलचं ग्रून गिटार्स १९७० पासून आणि मिशिगनमधल्या लान्सिंगचं एल्डर्ली इन्स्ट्रुमेंट्स १९७२ पासून चालू आहे. जुन्या वाद्यांची पारख हीच दोघांची ओळख. लान्सिंगपासून गाडीने साधारण सव्वा तासावर कॅलामझू आहे. गिब्सनचा मूळ कारखाना तिथला. तो १९८४ मध्ये बंद झाला आणि तिथल्याच काही कामगारांनी १९८५ मध्ये त्याच आवारात हेरिटेज ही कंपनी काढली. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनचं रेट्रोफ्रेट जुन्या गिटारसाठी नावाजलेलं. जपानला जाणं होत असेल तर टोकियोच्या ओचानोमिझूत गिटारच्या दुकानांचा अख्खा रस्ता आहे.

न्यूयॉर्कचं नाव निघालं म्हणून सांगतो: जॉन डी’अँजेलिको यांनी १९३२ पासून १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथल्या केनमेअर स्ट्रीटवरच्या छोट्या दुकानात ज्या गिटार घडवल्या, त्या या वाद्याच्या शिखरावर आहेत. मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०११ मध्ये त्यांचं आणि त्यांच्या परंपरेतल्या कारागिरांचं प्रदर्शन भरवलं होतं. आज त्याच नावाने दुकानात मिळणाऱ्या गिटार कारखान्यात होतात. त्या वाईट नाहीत, पण नुसत्या नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

पायरी ३: निघण्याआधी फोन करा

वेबसाइटवर दिसणारी गिटार दुकानात असेलच असं नाही. ती याच दुकानात आहे की गोदामात? तारा कोणत्या आणि किती जाडीच्या आहेत? ब्रिजची उंची कमीजास्त करणारी चाकं अजून खाली घेता येतात का? सेटअप, म्हणजे तारांची उंची, ब्रिज वगैरे नीट लावणं, दुकानातच होतो का, कोण करतो? शांत खोलीत अर्धा तास वाजवता येईल का?

चाकांच्या प्रश्नावर ‘थांबा, बघून सांगतो’ असं म्हणून खरोखर बघून येणारं दुकान चांगलं. विषयच न कळलेल्या दुकानात गिटार चांगली असली तरी सेटअप बिघडलेला असण्याची शक्यता बरीच. शनिवार-रविवार टाळा. शेजारी कोणी ड्रम बडवत असताना आर्चटॉप ऐकू येत नाही. मधल्या वारी, दुकान उघडल्या उघडल्या जा.

सोबत आपलं पिक, ट्यूनर, छोटी स्टीलची पट्टी, दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि गिटार वाजवणारा एक मित्र घ्या. यातला मित्र सर्वांत महत्त्वाचा.

पायरी ४: आधी अ‍ॅम्पशिवाय

इथे घाई नको. सुरात लावा आणि प्रत्येक मोकळी तार छेडून ती विरेपर्यंत ऐका. मग मित्राला वाजवायला द्या आणि तुम्ही सात-आठ फूट समोर उभे राहा. आर्चटॉप आवाज पुढे फेकते. वाजवणाऱ्याला तो कमी आणि समोरच्याला जास्त ऐकू येतो. मांडीवर मामुली वाटलेली गिटार समोरून भरदार वाटू शकते, आणि उलटही होतं. हे केल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

मग पुन्हा स्वतः बसा. पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर एकेक फ्रेट चढत जा. एखादा सूर उमटल्या उमटल्या मरतो का, एखादा उगाच घुमतो का, ते टिपा. त्यानंतर मात्रेला एक असे चार कॉर्ड, मधल्या तारांवर, फ्रेटवरच्या हाताची पकड लगेच सैल करून आवाज तोडत वाजवा. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळपास पन्नास वर्षं हेच करत आले, तेही अ‍ॅम्पशिवाय. गिटार चांगली असेल तर प्रत्येक ठोका सुटा आणि लाकडाचा वाटतो. तो ठोका ऐकला की हे वाद्य इतकं हवंहवंसं का वाटतं ते उमगतं.

आता ब्रिज. ब्रिजच्या पायाखाली कागदाची कड सरकवून बघा. कुठेही आत शिरली तर पाय टॉपला नीट टेकलेले नाहीत. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर जुळतात का पाहा. जुळले नाहीत तर बहुतेक वेळा ब्रिज जागेवरून सरकलेला असतो, दोन मिनिटांचं काम असतं. मात्र स्वतः हात लावू नका, दुकानातल्या कारागिराला सांगा. ब्रिजच्या दोन्ही टोकांना उंची कमीजास्त करणारी चाकं असतात. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण २ मिलिमीटर आणि बारीक तार दीड मिलिमीटर उंच असली तर ठीक. चाकं पूर्ण खाली बसलेली असूनही तारा उंचच असतील, तर नेकचा कोन बिघडला आहे किंवा टॉप खचला आहे. नेक उतरवून पुन्हा बसवणं महागडं आणि वेळखाऊ असतं. अशी गिटार कितीही गोड वाजली तरी सोडून द्या.

टॉपवर बोटाच्या पेराने हलकेच ठोका. कुठे करकर आली तर आतली पट्टी सुटलेली असू शकते. मोबाइलचा दिवा एका एफ-होलमधून सोडा आणि दुसऱ्यातून आरसा घालून बघा. चीर, जुन्या दुरुस्तीच्या चकत्या, डिंकाचे ओघळ सगळं दिसतं. टेलपीस किंवा पिकगार्डचा स्क्रू खडखडत असेल तर घाबरू नका, तो किरकोळ दोष आहे.

तारांबद्दल एक सांगायला हवं. दुकानात बऱ्याचदा ०.०१० इंचाच्या हलक्या तारा घातलेल्या असतात, कारण येणाऱ्याला त्या सोप्या जातात. कोरीव टॉप हलवायला त्या अपुऱ्या पडतात. ०.०१२ चा संच घालून द्याल का, असं विचारा. तारांचे पैसे तुम्ही देऊ केलेत तर चांगलं दुकान नाही म्हणत नाही.

पायरी ५: मग अ‍ॅम्प

तुमच्या घरी आहे त्याच जातीचा अ‍ॅम्प मागा, सगळे इफेक्ट बंद ठेवा आणि आवाज बँडच्या पातळीला न्या. अ‍ॅम्पकडे तोंड करून सहाव्या तारेवर जी, जीशार्प आणि ए वाजवा. हुंकार बहुधा याच भागात सुरू होतो. थोडं बाजूला वळल्यावर तो थांबला तर निभावून नेता येईल.

जुनी गिटार असेल तर

केस उघडल्याबरोबर आंबूस, झोंबणारा वास आला तर थांबा. जुने पिकगार्ड सेल्युलॉइडचे असत. ते कुजायला लागले की त्यांतून निघणाऱ्या वाफेने जवळचा धातू हिरवा पडतो, फ्रेट खाल्ले जातात, लाकूडही डागाळतं. पिकगार्ड बदलता येतो, पण आजूबाजूचं नुकसान भरून निघत नाही. फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोजवूडचा असेल तर ती देशाबाहेर न्यायला साइट्सचा (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो. इतर रोजवूडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून सूट आहे. लाकूड कोणतं ते बिलावर लिहून घ्या.

पैसे देताना आणि नेताना

परत करण्याची मुदत लेखी घ्या. अमेरिकेतली अनेक जुनी दुकानं २४ ते ४८ तास देतात. विमानाने आणायची तर हार्ड केस घ्याच. तारा थोड्या सैल करा, पण सगळ्या एकदम काढू नका. ब्रिज निखळतो आणि आत साउंडपोस्ट (टॉपला आतून टेकलेली छोटी काठी) असेल तर तोही पडू शकतो. ब्रिजच्या जागेचा पट्टी ठेवून फोटो काढा. खूण म्हणून चिकटपट्टी लावू नका, जुन्या लॅकरचा थर तिच्याबरोबर उखडून येतो. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात कोरीव टॉप फुगतो आणि तारा वर येतात. गिटार केसमध्ये ठेवा, आत छोटा हायग्रोमीटर टाका आणि दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. पहिल्या पावसाळ्यानंतर एक सेटअप करून घ्यावा लागेल, तो खर्च आधीच हिशेबात धरा.