जुनी बोर्दो रेड वाइन चाखताना या चुका टाळा

फ्रान्समधल्या बोर्दो प्रांताच्या रेड वाइनची तीस-चाळीस वर्षे जुनी बाटली उघडायची, पहिला घोट घ्यायचा आणि लगेच ‘ही बिघडली आहे’ असे म्हणून मोकळे व्हायचे, हा प्रकार मी अनेक मैफलींत पाहिला आहे. त्यांपैकी कित्येक बाटल्या मुळात बिघडलेल्या नव्हत्या. तळघरात तीन-चार दशके सुखरूप राहिलेली वाइन शेवटच्या दोन दिवसांतल्या हाताळणीमुळे हातची जाते, आणि जी यातूनही वाचते तिला आपण तरुण वाइनच्या मापाने मोजतो. या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

बोर्दोची रेड वाइन बहुधा अनेक द्राक्षांच्या मिश्रणातून घडते. गारोन आणि जिरोंद यांच्या डाव्या तीरावर, म्हणजे पोयाक, सां-ज्युलियां, मार्गो या गावांच्या परिसरात, काबर्ने सोव्हिन्योंचा वरचष्मा असतो. दोर्दोन्यच्या उजव्या तीरावर, पोमरोल आणि सांतेमिलियों येथे, मेर्लो आणि काबर्ने फ्रां यांवर भर असतो. काबर्नेतील टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक, हा वाइनचा सांगाडा. मेर्लो त्यावर मांस चढवते. म्हणूनच लेबलावरचे साल पाहून थांबणे ही पहिली चूक ठरते, कारण त्या वर्षी कोणत्या द्राक्षाने साथ दिली यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. १९८२ हे दोन्ही तीरांवर भरभरून पिकलेले साल होते. १९८४ मध्ये मात्र मेर्लोचा फुलोरा गळाला आणि त्या वर्षीच्या डाव्या तीरावरील वाइन जवळजवळ एकट्या काबर्नेच्या बळावर, रोडक्या आणि करकरीत उतरल्या. १९९१ च्या एप्रिलमधील हिमतुषाराने उजव्या तीराचे मोठे नुकसान केले. वाइन जुनी आहे एवढ्यावरून ती थोर ठरत नाही. साध्या सालातली साधी वाइन दहा-बारा वर्षांत आपले सांगून झालेली असते.

विकत घेताना बाटलीतील पातळी पाहावी. वाइन मानेत असेल तर उत्तम, खांद्याच्या वरच्या टोकाशी असली तरी या वयात चालते. खांद्याच्या मध्याखाली गेलेली असेल तर बुचातून हवा आत शिरली असण्याची शक्यता मोठी, आणि अशा बाटलीवर पैसे लावू नयेत. बाटलीचा आकारही ध्यानात घ्यावा. अर्धी बाटली लवकर वयात येते आणि दीड लिटरची मॅग्नम सावकाश, त्यामुळे एकाच शातोच्या, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्याच्या, एकाच सालाबद्दल दोघांची मते भिन्न असतील तर दोघेही बरोबर असू शकतात.

उघडण्यापूर्वीची घाई हे नुकसानीचे सर्वांत मोठे कारण आहे. रंगद्रव्ये आणि टॅनिन वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात, हाच गाळ. तो अपायकारक नसला तरी वाइनमध्ये ढवळला गेला की चव कडवट, खरखरीत होते आणि सुगंधावर जणू पडदा पडतो. फ्रान्सहून पुण्या-मुंबईला सामानातून आणलेली बाटली त्याच आठवड्यात उघडू नये. तिला थंड, अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे तरी आडवी विसावू द्यावी आणि चाखण्याच्या किमान एक, शक्यतो दोन दिवस आधी उभी करून ठेवावी. एप्रिल-मे महिन्यात मुंबईतल्या स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवलेल्या बाटलीबद्दल बोलण्यासारखे फारसे उरत नाही; साधारण १२-१३ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान देणारे वाइनचे कपाट नसेल तर जुन्या बाटल्या साठवण्याच्या फंदात न पडलेलेच बरे.

बूच काढताना मळसूत्री बूचकाढणी मध्यातून फिरवली की जुने बूच भुगा होऊन आत पडते. बोर्दोचे बूच पाच सेंटिमीटरच्या आसपास लांब असते, आणि इतक्या वर्षांत त्याचा खालचा भाग भिजून मऊ पडलेला असतो, वरचा सुकलेला. दोन पातळ पात्यांची बूचकाढणी यासाठी योग्य: पाती बूच आणि काच यांच्या फटीत आळीपाळीने, डोलवत उतरवायची आणि मग फिरवत फिरवत वर ओढायची. एवढे करूनही बूच तुटलेच तर घाबरून जोर लावू नये. उरलेला तुकडा हलकेच आत ढकलून वाइन स्वच्छ, बिनवासाच्या मलमलीतून गाळून घ्यावी. कपडे धुण्याच्या पावडरचा वास असलेले फडके वापरले तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

आता डिकँटरविषयी, म्हणजे वाइन ओतून घेण्याच्या काचेच्या सुरईविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत. तरुण, तुरट वाइनला दोन-तीन तास हवा दिल्याने ती मोकळी होते हे खरे. पण तोच नियम चाळीस वर्षांच्या वाइनला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे. ही चूक मी स्वतः केली आहे. मार्गोची १९७९ ची एक बाटली नऊच्या जेवणासाठी मी सहा वाजताच डिकँटरमध्ये ओतून ठेवली. ओततानाच खोलीत सिगारच्या लाकडी पेटीचा आणि वाळलेल्या गुलाबाचा वास पसरला होता. नऊ वाजता पेल्यात उरले होते ते फिकट, आंबटसर पाणी. जो वास आम्हाला प्यायचा होता तो तीन तासांपूर्वीच उडून गेला होता. बोर्दो विद्यापीठातील वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांनी दिलेला सल्ला मी त्यानंतर काटेकोरपणे पाळतो: गाळ असेल तरच वाइन ओतून घ्यावी, आणि तीही वाढण्याच्या अगदी आधी.

ओतण्याची रीत अशी. बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा लहान विजेरी ठेवावी आणि हात न थांबवता, एका संथ धारेत वाइन ओतत जावे. सुरुवातीला धार काचेसारखी स्वच्छ दिसते. शेवटाकडे खांद्यातून धुरासारखी एक बारीक रेष मानेकडे सरकताना दिसेल. ती दिसताच हात वर घ्यावा. मध्येच बाटली सरळ केली तर गाळ परत उसळतो आणि पुन्हा दोन दिवस थांबण्याची पाळी येते. तळाची थोडी वाइन सोडावी लागते, तिचे दुःख करू नये.

वासावरून निदान करताना घिसाडघाई नको. बाटली उघडताच येणारा कोंदट, उबलेला वास पाच-दहा मिनिटांत विरून जात असेल तर तो केवळ बंद राहण्याचा परिणाम असतो. पावसाळ्यात भिजून कपाटात राहिलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल आणि पेला ठेवून दिल्यावर तो कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर दोष बुचातील ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या रसायनाचा आहे आणि त्यावर उपाय नाही. नखांच्या पॉलिशचा किंवा शिरक्याचा झणका अति असेल तर आम्लता उडती झालेली आहे. किंचित असेल तर जुन्या वाइनमध्ये तो खपून जातो आणि कधी कधी सुगंधाला उठावही देतो. गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे येतो. जुन्या काळच्या कितीतरी बोर्दोंमध्ये तो थोडाफार असतोच, आणि कातड्याच्या नव्या चपलेइतका मंद असेल तर मला तो आवडतो. मात्र फळाचा मागमूसही न ठेवता तोच पुढे येत असेल तर वाइनला दोष द्यावा.

रंग विटकरी आणि कडेला नारिंगी दिसला म्हणून दचकू नये; ते वयाचे लक्षण आहे. पूर्ण तपकिरी, निस्तेज रंग आणि त्याबरोबर कापलेल्या सफरचंदासारखा वास असेल तेव्हाच ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवा लागून वाइन बिघडल्याचा, संशय घ्यावा. नाशिकच्या ताज्या, फळभरल्या शिराझवर ज्यांची जीभ तयार झाली आहे त्यांना येथे जांभळाची, काळ्या बोरांची गोडी सापडणार नाही. येथे शोधायचे ते ओल्या मातीचे, अळंबीचे, तंबाखूच्या पानाचे, सुक्या आलुबुखाराचे सुगंध, आणि घोट गिळून झाल्यावर ती चव किती वेळ रेंगाळते ते.

वाइन १६-१७ अंशांवर वाढावी. आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात चढते आणि बाकी काही कळेनासे होते, म्हणून पेल्यात एका वेळी थोडेच ओतावे. पेला बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. तो पुनःपुन्हा जोरात फिरवण्याचे कारण नाही. जेवण साधे ठेवावे. पोयाकच्या परिसरात या वाइनबरोबर कोवळ्या मेंढराचे भाजलेले मांस वाढतात, त्यात मीठ आणि थोडा लसूण यांपलीकडे काही नसते. तांबडा रस्सा त्याच्या जागी श्रेष्ठच आहे, पण त्याच्या तिखटापुढे ही नाजूक वाइन मुकी होते. उदबत्ती आणि अत्तरही त्या संध्याकाळपुरते दूर ठेवावे.

एका बाटलीवरून त्या सालाचा निवाडा करू नये, हे विशेषतः १९७२ पूर्वीच्या वाइनबाबत लक्षात ठेवावे. बाटल्या शातोमध्येच भरण्याची सक्ती डाव्या तीरावरील मेदॉक भागातल्या वर्गीकृत (अधिकृत श्रेणी मिळालेल्या) शातोंवर तेव्हापासून आली. त्याआधी कित्येक पिंपे व्यापाऱ्यांकडे जात आणि बोर्दो शहरात, बेल्जियममध्ये वा इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या हातांनी भरली जात. लेबल एकच असले तरी बुचावरील छाप वाचून बाटली कोणी भरली ते टिपून ठेवावे. पेल्यात पहिल्या घोटाची नोंद झाल्यावर पंधरा मिनिटांनी आणि मग तासाभराने पुन्हा नोंद करावी, आणि बाटली त्याच रात्री संपवावी. उद्यासाठी राखून ठेवलेल्या जुन्या वाइनमध्ये सकाळी काही शिल्लक नसते.