साउंड कार्ट: कोल्हापुरात स्वतःच्या मापाची गाडी कशी बांधून घ्यावी

पन्हाळ्यावरच्या एका जुन्या वाड्यात शूटिंग होतं. सीन माजघरात, आणि माझी साउंडची गाडी दिंडी दरवाजातच अडकलेली. गाडी ६८ सेंटिमीटर रुंद, दिंडी ६४ ची. शेवटी गाडी अंगणात उभी केली, अँटेनाची लांबलचक केबल आत ओढली, आणि दिवसभर नटांच्या वायरलेस माईकचा आवाज मधूनमधून तुटत राहिला. एक चांगला संवाद त्यात गेला, तो पुढे डब करावा लागला. चार सेंटिमीटर कमी असते तर तो मूळ आवाजात राहिला असता.

तेव्हापासून मी गाडीकडे एकाच नजरेनं बघतो: ही मला सीनच्या किती जवळ नेते? साउंड कार्ट म्हणजे रेकॉर्डर, वायरलेसचे रिसीव्हर, बॅटरी, अँटेना आणि माईकचे डबे एकत्र वाहणारी चाकांवरची मेजरचना. पण ती सामानाचं कपाट झाली की जड होते, जड झाली की लांब थांबते, आणि लांब थांबली की आवाज बिघडतो. पुढचं प्रत्येक माप याच हिशेबानं ठरवायचं आहे.

परदेशात मॅगलायनर, रॉक एन रोलर अशा तयार गाड्या मिळतात. त्या चांगल्याच आहेत, पण त्यांची चाल फरशी आणि डांबराची. आपल्याकडे सकाळी चित्रनगरीचा सपाट फ्लोअर, दुपारी गुऱ्हाळाशेजारचा चिखल आणि दुसऱ्या दिवशी जोतिबाच्या पायऱ्या असतात. शिवाय हे शहर अवजार स्वतः घडवणाऱ्यांचं आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास इथेच स्वतःचा कॅमेरा तयार केला. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं पहिला मराठी बोलपट इथेच केला, आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. आजही शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत लेथ, बेंडिंग, आर्गन वेल्डिंग आणि पावडर कोटिंग चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. गाडी इथे बांधून घेणं अवघड नाही. काय हवं ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

पहिलं काम: वजन आणि दरवाजे मोजा

नेहमीच्या शूटला जे सामान नेता ते सगळं घरी जमिनीवर मांडा आणि वजनकाट्यावर एकेक चढवा. मग तीन गठ्ठे करा: सतत हाताळायचं, दिवसातून दोन-तीनदा लागणारं, आणि ‘असू दे, लागलं तर’ वाटणारं. तिसरा गठ्ठा गाडीवर चढवू नका, तो वेगळ्या पेटीत टेम्पोतच राहू द्या. माझं जवळजवळ १४ किलो वजन इथेच कमी झालं.

मग दरवाजे. आतल्या खोल्यांचा दरवाजा बहुतेक अडीच फुटी, म्हणजे साधारण ७६ सेंटिमीटर असतो. चौकट आणि उघडी फळी धरली की त्यातले ७० च्या आसपास हाती लागतात. वाड्यांच्या दिंड्या आणखी अरुंद, आणि खाली उंबरा. म्हणून गाडीची रुंदी ५५ सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका. लांबी ८५ ते ९० पुरते. काम करायची फळी तुमच्या कोपरापेक्षा किंचित खाली असावी. मी उभ्यानं काम करतो, माझी फळी ९८ सेंटिमीटरवर आहे. तुमची तुमच्या उंचीवर ठरेल, दुसऱ्याच्या गाडीवरून उचलू नका. टेम्पोच्या हौद्याचं मापही घेऊन ठेवा.

आता पुठ्ठा आणि जुन्या पट्ट्या घेऊन खऱ्या मापाचा सांगाडा उभा करा. त्यापुढे तासभर उभे राहा, हेडफोन लावा, फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटनाच्या, जागी हात न्या, कनेक्टर काढून लावून बघा. रेकॉर्डरच्या मागे प्लग आणि वाकलेली केबल मिळून किमान ८ सेंटिमीटर जागा खातात. कागदावरच्या चित्रात ही जागा कायम विसरली जाते.

मिस्त्रीकडे जाताना

ड्रॉइंग मिलिमीटरमध्येच न्या. उद्यमनगरात अजूनही इंच-सुतात बोललं जातं. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. शेतीच्या अवजाराला सूतभर फरक चालतो, रॅकला, म्हणजे यंत्रं स्क्रूनं बसवायच्या ठरावीक मापाच्या चौकटीला, चालत नाही. मी पहिल्या गाडीच्या वेळी नुसतं ‘१९ इंची रॅक’ म्हणालो. मिस्त्रींनी दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर बरोबर १९ इंच ठेवलं, आणि रिसीव्हरचा रॅक पट्ट्यांवर टेकायला जागाच उरली नाही. चूक माझ्या सांगण्याची होती. १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, ही यंत्राच्या पुढच्या पट्टीची, स्क्रू लावायच्या दोन्ही बाजूंच्या कानांसकट, बाहेरची रुंदी असते. आतली मोकळी जागा ४५० मिलिमीटर आणि भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४६५ मिलिमीटर हवं. उंचीचा एक ‘यू’ म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. हे चार आकडे ड्रॉइंगवर ठळक लिहा. जमलं तर एखादं रिकामं पॅनेलच हातात द्या.

मिस्त्रींनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: “साहेब, वर वजन किती बसणार हाय, आन् गाडी फरशीवर पळणार का रानात?” याचं उत्तर तयार असेल तर निम्मं काम झालंच.

धातू कोणता? २५ बाय २५ मिलिमीटरचा, १.६ जाडीचा लोखंडी चौकोनी पाईप मीटरला सुमारे १.२ किलो भरतो. त्याच मापाचा २ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियम अर्ध्या किलोच्या आसपास. सांगाड्याला साधारण १० मीटर पाईप लागतो, म्हणजे ७ किलोंचा फरक, आणि पायऱ्यांवर उचलताना हा फरक खांद्यांना कळतो. मी अ‍ॅल्युमिनियम सुचवीन, पण वेल्ड न करता. कडक केलेला अ‍ॅल्युमिनियम वेल्डच्या आजूबाजूला मऊ पडतो, आणि गाडीला धक्के नेमके कोपऱ्यांतच बसतात. कोपऱ्याला त्रिकोणी प्लेट लावून नट-बोल्टनं आवळा. खाचांचं अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल वापरलं तर फळी वर-खाली सरकवता येते. पहिल्या गाडीला ते उत्तम, कारण तुमचं मत सहा महिन्यांत बदलणार आहे. बजेट कमी असेल तर लोखंड घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ते कुठल्याही गावात वेल्ड होतं.

चाकं आणि तोल

सगळ्यात जड वस्तू, म्हणजे बॅटरी, सगळ्यात खाली ठेवा. याला साधा हिशेब आहे. दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर ५० सेंटिमीटर धरू. वजनाचा मध्य जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल तर साधारण १७ अंशांच्या उतारावर गाडी आडवी होते. तोच मध्य ६० वर आणला की २२ अंशांच्या पुढे जाईपर्यंत ती टिकते. पन्हाळ्याच्या उतारावर हे पाच अंश तुमच्या रेकॉर्डरची किंमत वाचवतात.

मागे १० किंवा १२ इंची हवेची दोन चाकं, पुढे ६ ते ८ इंची फिरती दोन, ब्रेकसकट. खडकाळ जागी चार चाकांपैकी एक नेहमी अधांतरी राहतं. तिथे हँडल खाली दाबून गाडी मागच्या दोन चाकांवर ओढायची, म्हणून हँडल मजबूत आणि वेल्ड न करता बोल्टनं बसवलेलं हवं. हवा टणक भरू नका. किंचित मऊ चाक खडी गिळतं आणि यंत्रांना हादरे कमी बसतात. जादा ट्यूब आणि सायकलचा पंप टेम्पोत ठेवा. फिरत्या चाकांना बंद बेअरिंगच मागा, उघडी बेअरिंग पहिल्या चिखलातच कुरकुरायला लागतात.

वीज

जनरेटर व्हॅनच्या विजेवर साउंडनं विसंबू नये. लाइटवाले कधी स्विच पाडतील सांगता येत नाही, आणि त्या तारांतून गुणगुणही येते. गाडी पूर्ण बॅटरीवर चालली पाहिजे.

रेकॉर्डर, रिसीव्हर, दिग्दर्शकाच्या हेडफोनचा ट्रान्समीटर, छोटा स्क्रीन आणि दिवा मिळून ३० वॅट लागतात असं धरा. १२ तासांच्या शिफ्टला ३६० वॅट-तास झाले. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाची बॅटरी ५१२ वॅट-तास देते. तिचे ८० टक्के वापरायचे ठरवले तरी ४१० उरतात. एवढ्यावर जेवणाच्या सुट्टीत चार्जर न शोधता दिवस निघतो. तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी दुपटीहून जड असते.

फ्यूजमध्ये कंजुषी करू नका. बॅटरीच्या अधिक टोकापासून हातभर अंतराच्या आतच एक मुख्य फ्यूज, आणि पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र ३ किंवा ५ अँपिअरचा. एक केबल शॉर्ट झाली तर एकच यंत्र बंद पडेल, टेक चालू राहील. यंत्रांना वीज देणाऱ्या हिरोसे कंपनीच्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये बहुतेक वेळा १ नंबरची पिन वजा आणि ४ नंबरची अधिक असते. तरीही यंत्राची पुस्तिका बघून आणि मल्टिमीटर लावूनच पहिल्यांदा जोडा. व्होल्टेज बदलणारे स्वस्त कन्व्हर्टर वायरलेसच्या पट्ट्यात खरखर सोडतात. ते धातूच्या डबीत, अँटेनापासून लांब, खालच्या कप्प्यात असावेत.

अँटेना

नटाच्या कमरेचा ट्रान्समीटर बहुधा जेमतेम दहा ते शंभर मिलिवॅटचा, आणि माणसाचं शरीर बहुतांशी पाणी. ५००-६०० मेगाहर्ट्झच्या लहरी ते शोषून घेतं. सेटवर तुमच्या आणि नटाच्या मध्ये वीस माणसं उभी असतात. म्हणून अँटेना डोक्यांच्या वर, दोन-सव्वादोन मीटरवर हव्यात. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात एकात एक सरकणारा पाईप बसवा, वर आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन अँटेना, मध्ये किमान हातभर अंतर. दिग्दर्शकाला आवाज पाठवणारा ट्रान्समीटर या खांबावर लावू नका. तो गाडीच्या विरुद्ध टोकाला, खाली. शेजारी ठेवलात तर तुमचाच ट्रान्समीटर तुमच्या रिसीव्हरला बहिरं करतो.

आरजी-५८ सारखी बारीक केबल १० मीटर ओढली की या पट्ट्यात तीन-साडेतीन डेसिबल जातात, म्हणजे आलेल्या शक्तीतली निम्मी केबलमध्येच संपते. वाड्याच्या अंगणात माझं तेच झालं होतं. गाडी जवळ असेल तर दीड मीटरची केबल पुरते.

वळवाचं आभाळ भरून आलं आणि तुम्ही पठारावर असाल तर वीज पडायचा धोका ओळखून खांब लगेच खाली घ्या, युनिट काहीही म्हणो.

गाडीचा आवाज

आवाजाच्या गाडीनं स्वतः आवाज करू नये, हे बांधताना सर्वांच्या डोक्यातून निसटतं. प्रत्येक नट नायलॉकचा, म्हणजे हादऱ्यानं सैल न होणारा, प्रत्येक फळीखाली रबर, खणांना आतून फेल्ट, खणाची कडी चुंबकाची. लोंबणारी साखळी, सैल कडी, पत्र्याचा तळ काही ठेवू नका. पत्रा लागणारच असेल तर त्याच्या खालून कारला लावतात ती चिकट बिट्युमेनची शीट लावा, पत्रा थाळीसारखा वाजत नाही.

बूम पोल, म्हणजे माईक नटांच्या डोक्यावर धरायची लांब काठी, ठेवायला दोन इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा आतून फोम लावून उभा बसवा. कपड्यांना लावायच्या छोट्या लेपल माईकसाठी उथळ खण पुरे. खोल खणात केबलींचा गुंता होतो. छत्रीसाठी एक जाड नळी आणि प्लास्टिकचं आच्छादन आधीच शिवून ठेवा. आच्छादन मागून उघडं राहू द्या, नाहीतर उन्हात यंत्रं तापतात.

चाचणी

सगळं सामान चढवून गाडी खडीच्या रस्त्यावर शे-दोनशे मीटर ढकला. मग शांत खोलीत आणा, बूम माईक गाडीपासून हातभर धरा, गेन (माईकचा आवाज वाढवणारं बटन) चढवा, हेडफोन लावा आणि कुणाला तरी फळीवर हात ठेवायला, खण उघडायला, ब्रेक लावायला सांगा. जे वाजेल ते खडूनं खूण करून दुरुस्त करा. मग वायरलेस लावून एका माणसाला खोलीबाहेर, भिंतीआड चालवा आणि गाडीवरचं एकेक यंत्र बंद-चालू करत खरखर कशानं येते ते शोधा.

यानंतर एक पूर्ण शेड्यूल त्याच कच्च्या अवस्थेत करा. भोकं बदलतील, फळी दोन बोटं खाली येईल, एखादा खण निघून जाईल. त्या खुणा घेऊन पुन्हा मिस्त्रींकडे जा, आणि मगच गाडी पावडर कोटिंगला टाका. रंग मॅट काळा, म्हणजे काचेत किंवा नटाच्या चष्म्यात ती चमकणार नाही. जिथे अर्थिंगची तार आवळायची आहे तिथे कोटिंगआधी टेप लावायला सांगा.