अलास्कावर परकी फौज उतरवताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा मी वाचतो. येत्या दहा-वीस वर्षांत अमेरिकेच्या एखाद्या राज्यावर परक्यांनी कब्जा केला, असं कथानक असलं की बहुतेकांना अलास्काच हवं असतं. आणि चुकाही ठरलेल्या.

पहिली, नकाशा न उघडता लिहायला बसणं. एका होतकरू मुलाच्या कथेत शत्रूचे रणगाडे अँकरेजहून निघून तिसऱ्या दिवशी राजधानी जुनोत शिरले होते. जुनोला बाहेरून रस्ताच जात नाही. विमानाने जा, नाहीतर बोटीने. फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "सर, वाचकाला कुठे माहीत असतं?" हे वाक्य मला सहन होत नाही. वाचकाला माहीत नसतं म्हणून तर तो आपल्यावर विश्वास टाकतो. त्याला घरी बोलावलं, फरशीवर नकाशा पसरला आणि दोऱ्याने अंतरं मोजायला लावली. महाराष्ट्राच्या साडेपाचपट मुलूख, माणसं साडेसात लाखांच्या आत. व्हिटियर बंदरातून आत शिरायचं तर डोंगरातला चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा. मोटारी आणि आगगाडी आळीपाळीने त्यातूनच जातात. दोरा तिथे अडला. मुलाने कथा त्या बोगद्याच्या तोंडाशी नव्याने सुरू केली, आणि मग ती उभी राहिली.

दुसरी, हवामान फक्त वर्णनापुरतं वापरणं. जून 1942 मध्ये जपानने अलास्काची अट्टू आणि किस्का ही बेटं खरोखरच घेतली होती. मे 1943 मध्ये अट्टू परत घेताना अमेरिकी सैनिक गोळ्यांनी जितके जायबंदी झाले, जवळपास तितकेच गारठ्याने आणि ओल्या बुटांत पाय सडून झाले. जुलैअखेर किस्कावरचे पाच हजारांवर जपानी धुक्याआडून निसटले. 15 ऑगस्टला तीसेक हजारांची फौज त्या रिकाम्या बेटावर उतरली, धुक्यात आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, सुरुंगांनीही बळी घेतले. इतकं हाताशी असताना "कडाक्याची थंडी पडली होती" एवढ्यावर भागवू नका.

उत्तर टोकाला उट्कियागविकला हिवाळ्यात सुमारे 65 दिवस सूर्य उगवत नाही, हे सगळे लिहितात. उन्हाळ्यात तो मावळतही नाही. तेव्हा जूनमधला "मध्यरात्रीच्या अंधारातला छापा" काढून टाका.

पाइपलाइन ताब्यात आली की राज्य ताब्यात आलं, असंही नाही. तिच्यातून उत्तर किनाऱ्यावरच्या प्रुडो बेपासून दक्षिणेच्या वाल्डीझ बंदरापर्यंत, सुमारे 1300 किलोमीटर, कच्चं तेल वाहतं. ते शुद्ध केल्याशिवाय त्यावर कुणाच्या घरातली शेगडी पेटत नाही. माझी सवय सांगतो: पहिला प्रसंग लिहिण्याआधी वहीत एकाच घराचा जानेवारीतला आठवडा लिहून काढायचा. काय जाळतात, दूध कुठून येतं, दारातला बर्फ कोण उपसतं, नव्या अधिकाऱ्याकडे डिझेलसाठी रांगेत कोण उभं राहतं. याचा कंटाळा येत असेल, तर ताब्याची कथा लिहायला घेऊ नका.

सेनापतींची भाषणं निम्मी कापा.

आणि स्थानिक म्हणजे बंदूकवाले गोरे शिकारी, एवढंच चित्र रंगवू नका. तिथे मूळचे रहिवासी असलेले युपिक आहेत, इनुपियाक आहेत, उनांगन आहेत. अट्टूवरच्या उनांगन गावकऱ्यांना जपान्यांनी कैद करून होक्काइडोला नेलं. जवळपास निम्मे तिथेच मेले. जे वाचले, त्यांना युद्धानंतर त्यांच्याच सरकारने अट्टूवर परतू दिलं नाही.