लहान मुलांचा राग आणि आपली घाई : या चुका टाळा

बडोद्यात बालवाडीच्या मुलांबरोबर बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, पालकांना मुलाच्या रागापेक्षा त्या रागाच्या आवाजाचा जास्त त्रास होतो, विशेषतः तो आवाज चारचौघांत झाला की. 'याला गप्प कसे करायचे?' हा प्रश्न मला रोज विचारला जातो. 'राग आल्यावर काय करावे हे याला कसे शिकवायचे?' असे मात्र क्वचितच कोणी विचारते. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असा समज करून घेतल्यामुळे पुढच्या बहुतेक चुका होतात.

भडका उडालेला असताना समजूत घालणे

ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक आहे आणि ती शिकलेल्या, समजूतदार घरांत अधिक होते. मेंदूचा जो पुढचा भाग आवेग रोखतो आणि विचार करून वागायला लावतो, त्याची वाढ विशी ओलांडल्यावरही काही वर्षे चालू असते. तीन-चार वर्षांच्या मुलात तो भाग नुकता कुठे कामाला लागलेला असतो आणि रागाच्या क्षणी तेवढाही हाताशी राहत नाही. अशा वेळी आपण जे मुद्देसूद बोलतो, त्यातले शब्द मुलापर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचतो तो फक्त आपला चढलेला सूर.

एका उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, रावपुऱ्याजवळच्या एका गच्चीवर हे मी जवळून पाहिले. घरातल्या पाच वर्षांच्या नातवाने आदल्या दिवशी बाजारातून स्वतः निवडून आणलेला, मामाने किन्ना (कन्नी) बांधून दिलेला जांभळा पतंग दुपारी शेजारच्यांनी कापला. पलीकडे 'काय पो छे', म्हणजे 'कापला रे', असा गजर झाला, पिपाण्या वाजल्या आणि या मुलाने फिरकी भिरकावून जमिनीवर लोळण घेतली. मग घरातल्या प्रत्येकाला आपापला उपाय आठवला. आजोबांनी पतंगाची किंमत सांगून तो किती क्षुल्लक आहे हे पटवून दिले, काकूंनी जिलेबी पुढे केली, आत्याने चुलतभावाकडे बोट दाखवून 'त्याचेही पतंग कापले गेले, तो रडतोय का?' असे विचारले, वडिलांनी 'मुलगा असून रडतोस?' हे ठेवणीतले वाक्य काढले आणि प्रत्येक वाक्यागणिक मुलाचा आवाज चढत गेला. शेवटी एका काकांनी आपला मोबाइल त्याच्या हातात दिला, तो त्याने पाण्याच्या टाकीवर आपटला आणि मग काकांचाही भडका उडाला. त्यांना मात्र कोणी जिलेबी दिली नाही.

मी सर्वांना पलीकडच्या कठड्याकडे पाठवले, मुलाच्या पायाजवळचा मांजा गोळा करून बाजूला ठेवला आणि हातभर अंतरावर खाली बसले. 'तुझा जांभळा पतंग गेला. तुला तो अजून उडवायचा होता,' एवढे एकदाच म्हटले. त्याने लाथ उगारली तेव्हा पाय धरून 'मारू देणार नाही' असे सांगितले आणि पाय सोडला. त्यानंतर बोलणे बंद. काही वेळाने किंचाळणे ओसरले, हुंदके सुरू झाले आणि तो आपणहून सरकत जवळ आला. त्या दिवशी त्याने पुन्हा पतंगाला हात लावला नाही, आणि लावावा असा आग्रहही मी कोणाला करू दिला नाही. त्याचे वडील नंतर मला म्हणाले, 'ताई, तुम्ही तर काहीच केलं नाहीत!'

दिसायला ते खरेच होते. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा रागाच्या झटक्यांची पालकांनी लिहून दिलेली वर्णने तपासली होती. त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश झटके पाच मिनिटांच्या आत संपलेले होते. राग सुरुवातीलाच टोक गाठून उतरत होता आणि दुःख मात्र शेवटपर्यंत टिकत होते. म्हणून मी कान आवाजाकडे ठेवते. किंचाळणे आणि लाथा चालू असेपर्यंत अंतर, सुरक्षितता आणि कमीत कमी शब्द. हुंदके सुरू झाले की मांडी. बहुतेक मोठी माणसे हे नेमके उलटे करतात, म्हणजे राग तापलेला असताना कवटाळतात आणि मूल रडवेले होऊन जवळ आले की 'आता कळली का चूक?' असे विचारून त्याला पुन्हा दूर लोटतात.

मोबाइल हातात देणे

मोबाइल दिला की रडणे थांबते, हे मला मान्य आहे, आणि त्यामुळेच ती सवय लवकर लागते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या ४२२ मुलांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला. शांत करण्यासाठी वारंवार उपकरण दिले जाणाऱ्या मुलांची भावनिक चिडचिड पुढच्या महिन्यांत वाढलेली आढळली आणि हा संबंध मुलग्यांत व मुळात उसळत्या स्वभावाच्या मुलांत अधिक ठळक होता. ज्या मुलाला स्वतःला सावरण्याच्या सरावाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच्याच हातात मोबाइल सर्वांत आधी जातो. प्रवासात किंवा दवाखान्यात कधी द्यावा लागला तर त्याचे प्रायश्चित्त घेत बसू नये. पण रडणे सुरू झाल्यावर देऊ नये. द्यायचाच असेल तर रडण्याआधी, ठरवून द्यावा.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे तीनदा 'नाही' म्हणून चौथ्यांदा देणे. बागेतल्या छोट्या आगगाडीजवळ सुट्टीच्या संध्याकाळी उभे राहिले तर हा प्रकार हमखास पाहायला मिळतो. वडील 'आता पुरे' म्हणतात, मूल ओरडते, लोक वळून बघतात, वडील तिकीट काढतात. पहिल्याच मागणीला होकार दिला असता तर मुलाने काही वावगे शिकले नसते, पण ओरडल्यावर दिल्याने पुढच्या वेळी किती ओरडावे लागेल हे ते शिकते, आणि अधूनमधून मिळणाऱ्या फळामुळे लागलेली सवय सुटायला सर्वांत कठीण असते. मी गाडीत बसण्यापूर्वी किती फेऱ्या हे सांगते, ते मुलाकडून वदवून घेते आणि मग 'नाही' बदलत नाही. त्यानंतर होणारे रडणे ऐकून घेण्याची तयारी नसेल तर आधी 'नाही' म्हणूच नये.

झटपट उपाय शोधणारे

हल्ली मोबाइलवर एखादी चित्रफीत पाहून आलेले तरुण आईबाप लाथा झाडणाऱ्या मुलाला 'दीर्घ श्वास घे' असे सांगतात आणि दोन दिवसांत 'आमच्या मुलावर याचा परिणाम होत नाही' असा निकाल देतात. श्वासाची सवय शांत वेळी लावायची असते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि पुढे ताराबाई मोडक त्या कामात आल्या. त्यांच्या पिढीने माँटेसरी पद्धतीतला शांतीचा खेळ गुजरातच्या बालमंदिरांत रुजवला. मुले आपल्या खुशीने निश्चल बसत आणि बारीक आवाज ऐकत. गप्प बसवण्याची शिक्षा आणि हा खेळ यांत गल्लत करू नये. स्वतःचे शरीर आपल्याला थांबवता येते, हा अनुभव मुलाला त्यातून मिळतो. घरी मी साधा प्रकार सुचवते. जेवताना गरम खिचडीच्या घासावर सावकाश फुंकर घालायला लावावे, रोज. हे महिनोन्‌महिने करावे लागते, आणि ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी मुलाकडून धीराची अपेक्षा करू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. 'पोलीस घेऊन जाईल' म्हणू नये, कारण हरवल्यावर मदत मागायची ती त्याच पोलिसाकडे. राग उतरण्यापूर्वी 'सॉरी म्हण' असा हट्ट धरू नये. मुलाच्या रडण्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवू नये. हे करणाऱ्यांविषयी मला काडीचीही सहानुभूती नाही.

नवरात्रात आणखी एक गोष्ट दरवर्षी दिसते. मध्यरात्रीपर्यंत गरब्याच्या मैदानावर जागलेले मूल सकाळी बालवाडीत पेन्सिल तुटली म्हणून आकांत करते आणि आई त्याचे कारण स्वभावात शोधते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. मी अशा वेळी आधी झोप आणि न्याहारी विचारते, आणि पुष्कळदा पुढचे काही विचारावे लागत नाही.

रडताना श्वास अडकणे

काही मुले रडता रडता श्वास कोंडतात, निळी किंवा पांढरी पडतात आणि क्षणभर शुद्धही हरपते. ते पाहिल्यावर घरातले सगळे घाबरून मुलाला कधीच 'नाही' म्हणायचे नाही असे ठरवतात, आणि तो निर्णय मुलाला लवकरच कळतो. हे प्रकार सहसा सहा महिने ते सहा वर्षे या वयात दिसतात आणि बहुधा आपोआप जातात. त्या वेळी मुलाला कुशीवर आडवे करावे, गदागदा हलवू नये, तोंडात बोट किंवा पाणी घालू नये. पहिल्यांदा असे झाले की बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावे. लोहाच्या कमतरतेशी याचा संबंध असल्यामुळे ते बहुधा रक्ततपासणी सांगतील. शुद्ध यायला मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लागला, किंवा न रडताच असे झाले, तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.