वीसवरून पस्तीसवर: सीडब्ल्यूचा वेग कसा वाढवाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. संध्याकाळी सातला मशिनी थांबल्या की मी माळ्यावर जातो आणि हॅम रेडिओवर चाळीस मीटरचा बँड लावतो. मोर्स (रेडिओवर त्यालाच सीडब्ल्यू म्हणतात) मला मामांनी शिकवलं. ते तार कचेरीतले, जन्म साउंडरच्या, म्हणजे तार वाजवणाऱ्या यंत्राच्या, कडकट्टात गेलेला. परवा एका पोरानं विचारलं, "काका, मिनिटाला वीस शब्दांवर येऊन वर्ष झालं, पुढं सरकतच नाही. काय करू?" म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी हिशेब. टिंब एक मात्रा, रेघ तीन. अक्षराच्या आत दोन खुणांमध्ये एक मात्रा मोकळी, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. ‘पॅरिस’ (PARIS) हा शब्द पुढच्या मोकळ्या जागेसकट बरोबर ५० मात्रांचा होतो. मिनिटात तो जितक्यांदा जाईल तितका वेग. १२०० ला वेगानं भागा, टिंबाची लांबी मिलिसेकंदांत मिळते: वीसला ६०, तीसला ४०, चाळीसला ३०. एवढ्या वेळात मनात "टिंब, टिंब, रेघ" म्हणून होत नाही, आणि वीसवर गाडी अडते ती इथंच. खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगी चढते तेव्हा ठोके मोजत कोणी बसतंय का? अक्षर तसं अख्खं कानात शिरायला पाहिजे.

म्हणून पहिले दोन महिने हाताला सुट्टी, फक्त ऐका. रुफ्झ एक्सपी नावाचा प्रोग्रॅम आहे. तो एकेक कॉलसाईन (रेडिओ स्टेशनची अक्षरा-अंकांची ओळख) ऐकवतो, बरोबर लिहिली की वेग वाढवतो, चुकली की उतरवतो. रोज पंधरा मिनिटं पुरे. तासभर बसलात तर कान बधिर होतो. रोजचा वेग तुम्हाला झेपतो त्याच्या चार-पाच शब्द वर ठेवा. निम्मं सुटू दे. सुटलेल्या अक्षराच्या मागं धावलं की पुढची तीन जातात, हे मामा पहिल्या दिवसापासून सांगायचे. आणि पंचविसाच्या पुढं पेन खाली ठेवा, शब्द डोक्यात धरा.

माझा आणखी एक उद्योग. दसरा चौकात सिग्नलला थांबलो की पुढच्या गाडीची नंबरप्लेट तोंडानं वाजवतो. एमएच ०९ (डा म्हणजे रेघ, डि म्हणजे टिंब): डाडा, डिडिडिडिट, डाडाडाडाडा, डाडाडाडाडिट. मागं बसलेल्या बायकोला आता सवय झालीय. प्रसारणाला परवाना लागतो, पण तोंडानं वाजवायला कुणाची परवानगी नको!

आता हात. साध्या उभ्या कीवर (वरखाली दाबायच्या दांडीवर) वीस-बाविसाच्या पुढं बहुतेकांचं मनगट भरून येतं. पॅडल (एका बाजूला दाबलं की टिंबं, दुसऱ्या बाजूला रेघा) आणि इलेक्ट्रॉनिक कीयर घ्या. टिंब-रेघा कीयर मोजून काढतो, तुम्ही फक्त वेळ साधायची. माझं पॅडल घरचंच: हॅकसॉच्या तुटक्या पात्याची लिव्हर, पितळी खांब, जुन्या रिलेतून काढलेले चांदीचे कॉन्टॅक्ट आणि खाली दीड किलोचा लोखंडी ठोकळा. ठोकळ्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय, नाहीतर पॅडल टेबलावर फिरायला लागतं. कॉन्टॅक्टमधली फट आधी लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी ठेवा, मग वहीच्या कागदावर आणा. फट मोठी असली की बोटाला प्रवास जास्त आणि टिंबं गळतात. फारच कमी केली तर नको तिथं जास्तीचं टिंब पडतं. दोन पात्यांचं पॅडल दोन्हीकडून दाबलं की टिंब-रेघ आलटून पालटून निघतात. पण कीयरच्या बी मोडमध्ये बोटं सोडल्यावरही एक खूण जास्तीची जाते. ज्यांना त्याची सवय नाही त्यांनी ए मोड लावावा. मी एकाच पात्यावर खूश आहे.

चुका कुठं होतात? आपल्याकडच्या कॉलसाईनच्या सुरुवातीच्या व्हीयू२ मध्येच. व्ही म्हणजे तीन टिंबं आणि रेघ. घाईत चौथं टिंब पडलं की तो चार होतो. एचचा पाच होतो तो असाच. रोज शंभर व्ही आणि शंभर एच पाठवा, रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर सगळं बरोबरच वाटतं! चूक झाली तर दोन सुटी टिंबं देऊन शब्द पुन्हा पाठवा.

वेग वाचवायचा तर अंकांत वाचवा. नऊला १७ मात्रा लागतात, एनला ५. म्हणून सिग्नल कसा येतोय हे सांगणाऱ्या ५९९ ऐवजी पाच-एन-एन पाठवतात. अक्षरांमधल्या तीन मात्रांना मात्र हात लावू नका. तिथं कात्री चालवणाऱ्याचे चाळीस शब्द ऐकण्यापेक्षा दुसऱ्याचे नीट अठ्ठावीस मला परवडतात.

रेडिओचं एक सांगायचं राहिलं. एकदा मी तीन दिवस पस्तीसला हाका मारत होतो आणि समोरचा प्रत्येक जण विचारायचा, "यूयू२?" माझा ऐकण्या-पाठवण्याची अदलाबदल करणारा रिले चिकटायला वेळ घेत होता आणि पहिलं टिंब गिळत होता. व्हीचं एक टिंब गेलं की यूच उरतो. फुल ब्रेक-इन (प्रत्येक खुणेनंतर ऐकण्यावर परतणं) काढून सेमी लावला, हँग टाइम (पाठवणं थांबल्यावर ऐकण्यावर परतायचा वेळ) वाढवला, सेटिंगमध्ये टीएक्स डिले (पहिल्या खुणेआधीची थोडी थांब) दिला, तेव्हा कुठं ठीक झालं. तीसच्या वर जाताना राइज टाइमही (खूण पूर्ण जोरावर यायला लागणारा वेळ) बघा. आठ मिलिसेकंद असेल तर ३०च्या टिंबाला धारच राहत नाही, चारवर आणा. त्याहून कमी केला तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर क्लिक ऐकू जातात आणि शिव्या बसतात. ऐकताना फिल्टर शंभर हर्ट्‌झवर आवळू नका, टिंबं घंटेसारखी घुमून एकमेकांत मिसळतात. चारशे-पाचशे बरा.

आणि हाक मारताना तोच वेग लावा, ज्या वेगानं उत्तर आलं तर वाचता येईल. मी सुरुवातीला कीयर तीसवर ठेवून ऐटीत सीक्यू (कोणीही उत्तर द्या, ही हाक) दिला होता. उत्तर तीसनंच आलं. मला फक्त माझीच कॉलसाईन कळली. शेवटी क्यूआरएस (हळू पाठवा) मागितलं, तर तो सभ्य गृहस्थ अठरावर उतरला आणि सगळं पुन्हा पाठवलं. आता कोणी माझ्याकडं क्यूआरएस मागितलं की मी लगेच नॉब खाली घेतो.

पन्नास-साठच्या पुढं बरेच जण कीबोर्डवरून पाठवतात. मी अजून हॅकसॉच्या पात्यावरच आहे, छत्तीसला.